कास, कालवड आणि मी कॉमर्सवाली

मी कॉमर्सची. माहेर साताऱ्याचं, ऐन शहरातलं. लग्न होऊन पलूस तालुक्यात कृष्णाकाठी आले तेव्हा गाईला सड किती, हे सांगायला मला आधी मोजून बघावं लागलं असतं. सासरी संकरित गाईंचा गोठा. तो बघायच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. सून बीकॉम आहे म्हटल्यावर दुधाची वही माझ्या हातात आली. सकाळचं लिटर, संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ, दर. पेंड वजा, औषध वजा. गाय म्हणजे वहीतली एक ओळ, आणि त्या ओळीपुरती मी सुखी होते.

त्या सुखात भाचीनं बिब्बा घातला. नणंदेची ही मुलगी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एम.व्ही.एस्सी. करते. सेमिनारला तिनं विषय घेतला होता, दुभत्या गाईच्या कासेची वाढ आणि पेशींना धरून ठेवणारी प्रथिनं. सुट्टीत आजोळी आली तेव्हा तिला सरावासाठी एक अडाणी श्रोता पाहिजे होता. "मामी, तुला कळलं की कुणालाही कळंल," असं म्हणून तिनं सोप्यात लॅपटॉप उघडला. पहिल्याच चित्रावर कॅडहेरिन, कॅटेनिन, इंटेग्रिन, क्लॉडिन, ऑक्लुडिन, लॅमिनिन. आमच्या भावकीत एवढी नावं नाहीत.

गोंधळ सुरुवातीलाच झाला. मला माहीत असलेलं प्रथिन एकच, दुधातलं. ते एसएनएफमध्ये, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या घन भागात, धरलं जातं, त्याचे पैसे मिळतात. ही प्रथिनं मात्र दुधात उतरायचीच नाहीत म्हणे. ती पेशींच्या कडेला बसलेली, पेशींना जागच्या जागी धरून ठेवणारी. "मग ह्यांचे पैसे कोण देतं?" मी विचारलं. भाची म्हणाली, "हीच देतात." मला ते शहाजोग उत्तर वाटलं. वही माझ्याकडं होती. पैसे कोण देतं ते मला ठाऊक होतं.

कासेत एक मोठी पिशवी असते, तिच्यात दूध साठतं आणि खाली चार सड, असं चित्र माझ्या डोक्यात होतं. खरी कास तशी नसते, हे आत्यांना शाळेत न जाताही माहीत होतं. कासेचे चार भाग एकमेकांपासून सुटे असतात. एका भागातलं दूध दुसऱ्यात जात नाही, म्हणून एका सडाला दगडी, म्हणजे कासदाह, झाली तरी बाकीच्या तीन सडांची धार चांगली निघू शकते. प्रत्येक भागात नळ्यांना फाटे फुटत जातात आणि शेवटच्या फाट्यांवर नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पोकळ्या असतात. दूध तयार होतं ते या पोकळ्यांच्या भिंतीत. भिंत किती जाड, तर एका पेशीची. एका अंगाला रक्ताच्या बारीक नळ्या, दुसऱ्या अंगाला दूध. एक लिटर दूध व्हायला कासेतून 400 ते 500 लिटर रक्त फिरावं लागतं. हा हिशोब मी लगेच मांडला. 15 लिटरच्या गाईच्या कासेतून दिवसाला 6,000 लिटरच्या वर. तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरतं हे खरं, पण फिरतं ते एका पेशीच्या भिंतीपलीकडून. ती भिंत फुटत का नाही, एवढाच भाचीचा विषय होता. नावं मात्र उगाच भीती घालणारी.

"फुगडी आठव," ती म्हणाली. दोघी हात गुंफतात, मागं झुकतात, पकड घट्ट आहे तोवर फिरतात. एकीनं हात सोडला की दोघी भुईवर. ई-कॅडहेरिनचं तसंच आहे. एका पेशीच्या कडेतून बाहेर आलेलं ई-कॅडहेरिन शेजारच्या पेशीच्या ई-कॅडहेरिनला धरतं. आतल्या बाजूनं ते कॅटेनिन नावाच्या प्रथिनांनी पेशीच्या सांगाड्याला बांधलेलं असतं, म्हणून ताण नुसत्या कातडीवर येत नाही. कासेच्या पोकळीला बाहेरून वेढणाऱ्या, पान्हा सुटला की आवळणाऱ्या पेशींचं कॅडहेरिन वेगळं, त्याला पी-कॅडहेरिन म्हणतात. आपापल्या जातीचा हात ओळखून धरायचा, त्यामुळं आतल्या पेशी आत राहतात आणि बाहेरच्या बाहेर. जपानमध्ये क्योटोच्या मासातोशी ताकेइची यांनी हे कूळ शोधून काढलं. ही पकड कॅल्शियमवर चालते, हे त्यांनीच दाखवलं. प्रयोगशाळेत द्रावातलं कॅल्शियम काढून घेतलं की एकमेकींना धरून बसलेल्या पेशी सुट्या होतात.

कॅल्शियम म्हटल्यावर मला एकदम बोलावंसं वाटलं, कारण तो शब्द आमच्या गोठ्यातला आहे. ऊस तुटायला लागला की या भागात जनावरांपुढं वाढंच वाढं. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून टाकतं, हे डॉक्टर दर हंगामात सांगतात आणि दर हंगामात लोक वाढंच घालतात, कारण ते फुकट मिळतं. म्हणून मी विचारलं, "मग नुसत्या वाढ्यावर ठेवलेल्या गाईच्या कासेतल्या पेशी सुटत असतील?" भाची हसली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, तसं होत नाही. रक्तातलं कॅल्शियम फार खाली जाऊ नये म्हणून शरीर हाडातून काढून ते भरून देतं. आणि व्याल्यानंतर दुधातून एकदम फार कॅल्शियम जाऊन तो तोल गेलाच, तर पेशी सुटायच्या कितीतरी आधी गाय मान टाकून खाली बसते. त्याला आपण दुधाचा ताप म्हणतो. परीक्षानळीतलं खरं आणि गोठ्यातलं खरं यांत एवढं अंतर असतं, हे मला त्या उत्तरात पहिल्यांदा कळलं. पुढं ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीला मी तोच प्रश्न विचारत गेले; भाची वैतागली.

शेवटी ती म्हणाली, चल, दाखवतेच. पलूसवरून कराड, सातारा, खंबाटकीचा बोगदा आणि मग नीरेच्या अलीकडं शिरवळ. कॉलेजला नाव क्रांतिसिंह नाना पाटलांचं. ते आमच्या सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या येडे मच्छिंद्रचे, आणि त्यांचं प्रतिसरकार म्हणायचं साताऱ्याचं. सासर-माहेर दोन जिल्ह्यांत असलेल्या माझ्यासारखीला याचं नवल वाटायला नको होतं. 1949 साली साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा काढला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्याआधी सगळं एकच होतं.

कासेचा तुकडा बघायचा तर तो मिळायचा कुठून, हा प्रश्न मला वाटेत पडला होता. परदेशात अशा अभ्यासासाठी कत्तलखान्यातून नमुने आणतात. आपल्याकडं 2015 पासून राज्यभर गोवंशहत्या बंदी आहे, तेव्हा गाईचे नमुने मेलेल्या जनावराच्या शवविच्छेदनातून. दुसरी वाट जास्त सोपी आहे. दुधातून कासेच्या थोड्या पेशी रोजच झडून बाहेर येत असतात, त्या गाळून, वेगळ्या करून तपासता येतात. गाईला सुईसुद्धा टोचावी लागत नाही. आपण डेअरीला घालतो त्या दुधातून कासेची भिंतही कणाकणानं जाते, ही नोंद माझ्या वहीत कुठंच नव्हती.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिली काच लावली ती दुभत्या गाईची. डोळा लावला तर आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग भाचीनं खालचं चाक फिरवलं आणि एकाएकी सगळं स्पष्ट झालं. जांभळ्या ठिपक्यांच्या गोल गोल रांगा, प्रत्येक गोलाच्या मध्ये फिकट गुलाबी काहीतरी. ठिपका म्हणजे पेशीचं केंद्रक, आणि मधलं गुलाबी म्हणजे दूध. गोलाला गोल चिकटून, मध्ये जागा म्हणून नाही. दुसरी काच तिनं अँटिबॉडी लावून रंगवलेली, फक्त ई-कॅडहेरिन उठून दिसावं म्हणून. तिच्यात प्रत्येक पेशीच्या कडेनं तपकिरी रेघ. पेशीच्या पोटात रंग नाही, बुडाशी नाही. जिथं शेजारीण आहे तिथंच. मी ती रेघ किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. इतके दिवस जे नुसतं नाव वाटत होतं ते तिथं तपकिरी रंगात उमटलेलं होतं.

तिसरी काच कालवडीची. मी म्हटलं, ही रिकामीच आहे. बहुतेक सगळी पांढरी, म्हणजे चरबी; रंगवताना चरबी विरघळून जाते आणि पोकळ जागा उरते. त्या पांढऱ्यात मधूनच जांभळी बेटं. "ही बेटं म्हणजेच उद्याचं दूध," भाची म्हणाली. बेटाच्या टोकाला पेशींचे एकावर एक बरेच थर, दाटीवाटीनं. ते टोक चरबीत पुढं सरकत जातं, फाटा फुटतो, पुन्हा सरकतं. उंदराच्या कासेवर जगभर पुष्कळ काम झालंय. त्याच्यात हे टोक एकटी नळी होऊन पुढं जातं. गाईत मात्र फाट्यांचा झुबका एकदम पुढं सरकतो. म्हणून उंदरावरचं सगळं गाईला जसंच्या तसं लावता येत नाही. मला इथं पकडीचा दुसरा अर्थ कळला. पुढं सरकायचं तर पेशींनी हात थोडे सैल करायला पाहिजेत, नाहीतर टोक हलणारच नाही. आणि नंतर पोकळी होऊन एकाच थराची भिंत उभी राहायची तर हात पुन्हा घट्ट करायला पाहिजेत. कधी सोडायचं आणि कधी धरायचं हे इस्ट्रोजेन, वाढीचे हार्मोन, पुढं गाभणपणात प्रोजेस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन ठरवतात. तिथं मी फार खोलात गेले नाही. हार्मोन म्हटलं की भाचीचा वेग वाढतो आणि माझा थांबतो.

पण ही बेटं कधी पसरतात, ते मात्र मी पक्कं लिहून घेतलं. जन्मल्यापासून साधारण तीन महिने कास अंगाच्या मानानं वाढते. तीन ते नऊ महिन्यांच्या आसपास, म्हणजे वयात येईपर्यंत, ती अंगापेक्षा जोरात वाढते. मग वेग मंदावतो आणि गाभण गेल्यावर नळ्यांच्या टोकाला पोकळ्या धरायला लागतात. डेन्मार्कच्या क्रिस सेयर्सन यांचा 1982 चा एक गाजलेला अभ्यास आहे. वयात येण्याआधी कालवडींना पोटभर भारी खुराक देऊन झपाट्यानं वाढवलं, तर कासेत दुधाची ऊती कमी भरली. वासरू दूध पीत असतं त्या पहिल्या आठवड्यांत भरपूर पोसलं तर कासेला उलट फायदाच होतो, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. म्हणजे आधी हात आखडायचा नाही आणि मग सैल सोडायचा नाही.

आमच्या भागात चालतं नेमकं उलटं. वासराला दूध तोडून घालायचं, कारण दुधाला दर आहे. आणि सहा महिन्यांची कालवड जरा अंगानं भरली की घरचे खूश होऊन पेंडेचं टोपलं पुढं सारायचे, बघायला आलेल्यानं 'काय कालवड आहे' म्हणावं म्हणून. परत आल्यावर मी हे बिचकत बिचकत आत्यांना सांगितलं. त्या कडबा कापत होत्या. म्हणाल्या, "फुगली म्हंजे वाढली न्हवं. हे मी तुझ्या नवऱ्याला कवापासनं सांगतीया." मग उठल्या आणि चार महिन्यांच्या एका कालवडीपाशी मला घेऊन गेल्या. मागच्या पायांमध्ये हात घालून सडाच्या मुळाशी बोटांनी हलकेच चाचपायला लावलं. कातडीखाली मऊ चरबी, आणि तिच्या आत जरा टणक, सरकणारी गाठ. "ही लागली पायजे," त्या म्हणाल्या. शिरवळला काचेखाली पाहिलेली जांभळी बेटं ती हीच. आत्यांनी ती सूक्ष्मदर्शकाशिवाय ओळखली होती, आणि त्या गाठीवरून कालवड ठेवायची का विकायची ते त्या ठरवायच्या, असं तेव्हा कळलं. माझ्या वहीत त्या कालवडीचं नावच नव्हतं. दूध देत नाही तिला ओळ नाही, हा माझाच नियम. पेंडेच्या खर्चात तेवढी ती होती.

पेशी शेजारणीला धरते तशी पायाखालच्या जमिनीलाही धरते. त्या जमिनीत लॅमिनिन आणि कोलॅजन असतं आणि तिला धरणाऱ्या प्रथिनांना इंटेग्रिन म्हणतात. अमेरिकेत मीना बिसेल यांनी उंदराच्या कासेच्या पेशी प्लॅस्टिकच्या बशीत ठेवल्या तर त्या पसरट झाल्या आणि दुधाचं प्रथिन करायच्या थांबल्या. त्याच पेशींना लॅमिनिन असलेल्या मऊ जेलीवर ठेवलं तेव्हा त्यांनी गोल पोकळ्या धरल्या आणि पुन्हा केसीन करायला लागल्या. पेशी त्याच, गुणसूत्रं तीच. जमीन कोणती त्यावर तिनं दूध द्यायचं की नाही ते ठरलं. हा प्रयोग मला सेमिनारमध्ये सगळ्यांत जास्त आवडला आणि अजूनही नीट कळलेला नाही.

भाकड काळाचा संबंध याच जमिनीशी आहे. गाय आटवली की ही जमीन ठिकठिकाणी कापली जाते, जुन्या पेशी जातात, आणि पुढच्या वेताआधी नव्या येऊन बसतात. त्याला साधारण 60 दिवस द्यावे लागतात. गाय व्यायला महिना राहिला तरी 'चार लिटर देतीय की' म्हणून पिळत राहणारे लोक प्रत्येक गावात आहेत. त्या चार लिटरांची भरपाई पुढच्या वेतात दुधाच्या घटीतून होते. वहीत हे दिसत नाही, कारण आटवलेल्या गाईच्या रकान्यात मी रेघ मारत होते.

क्लॉडिन आणि ऑक्लुडिनपाशी मात्र वही आणि विज्ञान समोरासमोर आले. पेशींच्या वरच्या कडेला, अगदी दुधाच्या बाजूला, हे दोघं मिळून फट बुजवतात. गाभणपणात ही फट पुरती बुजलेली नसते. व्यायच्या सुमाराला प्रोजेस्टेरॉन उतरतं तेव्हा ती घट्ट बंद होते आणि तिथून दुधाची साखर, म्हणजे लॅक्टोज, दुधातच राहते, रक्तातलं मीठ रक्तातच. दगडी झाली की फट उघडते. सोडियम आणि क्लोराइड दुधात उतरतं, लॅक्टोज कमी होतं. आत्या धारेच्या आधी तळहातावर दोन थेंब घेऊन जीभ लावायच्या, मी नाक मुरडायची. खारट लागलं की त्या सडाचं दूध वेगळं. दूध कच्चं चाखू नये हे खरंच, पण त्यांची जीभ मापत होती ते हेच. यंत्रावर काढणाऱ्या मोठ्या गोठ्यांत दुधातून वीज किती सहज जाते ते मोजून तीच गोष्ट कळते. आणि लॅक्टोज एसएनएफमध्ये धरलं जातं. आमच्याकडं गाईच्या दुधाचा मूळ दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला, त्याखाली आलं की कपात. भाचीचं ते 'हीच देतात' मला तेव्हा पटलं.

न्यूझीलंडच्या केर्स्ट स्टेलवागेन यांनी मोजलंय, की शेवटच्या धारेनंतर साधारण 18 तास गेले, कास तशीच भरलेली राहिली, की ही फट सुटायला लागते. सकाळ-संध्याकाळचं वेळापत्रक पाळलं तर एवढी वेळ येत नाही. लग्नसराईत येते, वीज गेली आणि यंत्र बंद पडलं तर येते. आणि ऑगस्ट 2019 मध्ये आली. कृष्णेचं पाणी भिलवडी, अंकलखोप, ब्राह्मनाळ सगळीकडं घुसलं. आमच्या गाई उंचावर, पाहुण्यांच्या रानात, माणसं दुसरीकडं. गाड्या बंद, संकलन बंद, धार कुणी काढली, कधी काढली, कुणाला ठाऊक नाही. वहीत त्या दिवसांची पानं कोरी आहेत. पाणी ओसरल्यावर काही गाई पहिल्या दुधावर परत आल्याच नाहीत. सगळा दोष पेशींच्या पकडीवर ढकलता येणार नाही. चारा नव्हता, जनावरं भेदरलेली होती. पण कास भरून तटतटली आणि तशीच राहिली तर ती आपणहून आटायच्या वाटेला लागते, आणि त्या वाटेवर थोडं पुढं गेलेली गाय पुरती मागं येत नाही. 'पुरानं गाई बिघडल्या' असं गावात सगळे म्हणायचे. त्यातलं थोडं मला आता दिसलं.

पान्हा सुटावा म्हणून रोज ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचायची खोड काही ठिकाणी आहे. जास्त मात्रेत ते हीच फट उघडतं आणि कासेच्या पेशी दुधात झडायचं प्रमाण वाढवतं, असं अभ्यास सांगतात. ते टोचणाऱ्यांना माझा सल्ला नको असतो, म्हणून इथं लिहितेय.

शेवटचं नाव सीडी18. हेही एक इंटेग्रिनच, पण कासेच्या पेशींवर नाही, पांढऱ्या पेशींवर असतं. कासेत जंतू शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी आधी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटायचं, मग भिंतीतून बाहेर निघून कासेत जायचं. सीडी18 नसेल तर त्या चिकटतच नाहीत, रक्तातून वाहत राहतात. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी भरमसाट, आणि जखमेपाशी एकही नाही. या दोषाला बीएलएडी म्हणतात. असं वासरू वारंवार ताप, न्यूमोनिया, हगवण, हिरड्यांवर जखमा, अशानं बहुतेक वर्षाच्या आत जातं. दोष होल्स्टीन रक्तातला. 1952 साली जन्मलेल्या ऑसबोर्नडेल आयव्हनहो नावाच्या नामांकित अमेरिकी वळूपर्यंत त्याचा माग लागतो. 1992 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याचं मूळ शोधलं. सीडी18 मधलं एकच अमिनो आम्ल, 128 व्या जागेवरचं, बदललेलं. तेव्हा त्यांनी तपासलेल्या होल्स्टीन वळूंपैकी 14 टक्के वाहक निघाले. वाहक स्वतः धडधाकट असतो. वाहक वळू आणि वाहक गाय यांची गाठ पडली तर चारातलं एक वासरू रोगी.

हे ऐकताना मी आमच्या गोठ्याकडंच बघत होते. काळ्या-पांढऱ्या गाई, म्हणजे होल्स्टीनचं रक्त. माझ्या चुलतसासऱ्यांच्या आटपाडीच्या पाहुण्यांकडं खिलार आहेत. तिकडं आटपाडी, जत आणि साताऱ्यातल्या माण-खटावात बैल पाहिजे म्हणून गाय ठेवायची, आणि तिच्या कासेकडं कुणी फार अपेक्षेनं बघितलं नाही. दुधासाठी आपण परदेशी रक्त आणलं. 1967 साली उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी बाएफ ही संस्था काढली, तिथून संकराची ही गोष्ट महाराष्ट्रात गावोगाव गेली. आमच्या शेजारी भिलवडीत 1939 पासून चितळ्यांची डेअरी आहे, आणि आता तिथं कालवडच व्हावी अशा वर्गीकृत वीर्याच्या कांड्या बनतात. त्या रक्तानं आमचं घर चाललं, हे मी वहीवरून सांगू शकते. त्याबरोबर त्याचे दोषही येतात. म्हणून केंद्र सरकारच्या वीर्य उत्पादनाच्या मानकांत वळूची बीएलएडी तपासणी सक्तीची आहे. मान्यताप्राप्त केंद्राची कांडी आली तर वाहक वळू वगळलेला असतो. प्रश्न येतो तो गावातल्या मोकळ्या वळूचा, आणि कुणी कुठून आणली ते माहीत नसलेल्या स्वस्त कांडीचा.

मी आता वहीत कालवडींची वेगळी पानं केली आहेत. जन्मतारीख, दर महिन्याला छातीचा घेर, पेंड किती, आणि आत्यांनी चाचपून सांगितलेला शेरा. आटवलेल्या गाईच्या रकान्यातही आता रेघ नाही, आटवल्याची तारीख आहे. जमेची बाजू अजून कोरी आहे; ती व्याल्याशिवाय भरायची नाही.

तुमच्याकडं रेतनाला माणूस आला तर काम झाल्यावर कांडी उकिरड्यात टाकू नका. तिच्यावर वळूचा नंबर, जात, केंद्राचं नाव आणि तारीख बारीक अक्षरात छापलेली असते. चष्मा लावा, वाचा आणि लिहून ठेवा. अक्षरं नसतील तर ती कांडी गाईला लावू देऊ नका.